मनुष्यदिनांची वांटणी



एखादें काम किती मोठें आहे हें सांगण्याच्या आपल्याकडे दोन रीती आहेत. शहरांतील माणूस तें रुपयांत सांगतो. खेड्यांतील माणूस तें माणसांत आणि दिवसांत सांगतो. "आठ माणसांचें चार दिवसांचें काम आहे," असें कळवणच्या बाजारांत कोणी म्हणाला म्हणजे ऐकणाऱ्याला खर्च, मुदत आणि मजुरी या तिन्ही गोष्टींचा अदमास एकदम येतो. आठ गुणिले चार म्हणजे बत्तीस; सरकारी कागदांत यांनाच बत्तीस मनुष्यदिन म्हणतात. परंतु हे बत्तीस दिवस कोणत्या आठवड्यांत पडावयाचे, हा प्रश्न गुणाकारानें सुटत नाहीं. कामाचे एकूण मनुष्यदिन ठरल्यावर ते पंचांगावर वांटावयाचे कसे, संगणकावरील स्प्रेडशीट त्या कामीं काय साह्य करते, आणि तें साह्य कोठें संपतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय कचेरींतील कारकुनाचा. घरीं बसून ऐकणारांना त्याचें काय, असें कोणास वाटेल. परंतु या गणिताशीं महाराष्ट्राचा संबंध फार जवळचा आहे. विधानपरिषदेचे सभापति वि. स. पागे यांच्या कल्पनेवरून १९६५ सालीं सांगली जिल्ह्याच्या तासगांव तालुक्यांतील विसापूर येथें, मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग सुरू झाला. १९७२ च्या दुष्काळांत लाखों हात मातीकामावर आले. १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलांत आला. पुढें २००५ सालीं संसदेनें सर्व देशाकरितां जो कायदा केला, त्यांत प्रत्येक ग्रामीण कुटुंबास वर्षांतून १०० दिवस कामाची हमी होती, मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम द्यावें असें बंधन होतें, आणि पुढील वर्षीं किती मजूर कामावर येतील याचा अंदाज आदल्या डिसेंबरांतच तयार करावा असेंही एक कलम होतें. या अंदाजास लेबर बजेट म्हणत. त्यांत नुसता वर्षाचा आंकडा पुरत नसे. कोणत्या महिन्यांत किती मनुष्यदिन, हेंही मांडावें लागे. म्हणजे मनुष्यदिनांची वांटणी ही हौसेची गोष्ट नव्हे. ज्याच्या हाताला काम नाहीं, त्याच्या चुलीशीं तिचा संबंध आहे.

काळाच्या पट्टीवर कामें मांडण्याची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. पोलंडांतील कारोल आडामिएत्स्की या इंजिनियरानें १८९६ च्या सुमारास, आणि अमेरिकेंतील हेन्री गँट यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं, कामाचा आरंभ व शेवट दाखविणाऱ्या आकृत्या प्रचारांत आणल्या. आडव्या पट्ट्यांच्या अशा आकृतीस आजही गँटचेंच नांव आहे. महाराष्ट्रांत रोजगार हमीचा कायदा अंमलांत आला त्याच १९७९ सालीं, अमेरिकेंत डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँक्स्टन या दोघांनीं व्हिसिकॅल्क नांवाची स्प्रेडशीट छोट्या संगणकाकरितां विक्रीस आणली. स्प्रेडशीट म्हणजे उभ्याआडव्या घरांचें एक विस्तीर्ण कोष्टक होय. कोणत्याही घरांत आंकड्याऐवजीं नियम लिहितां येतो, आणि नियमांतील एक आंकडा बदलला कीं त्यावर अवलंबून असलेलीं सर्व घरें आपोआप बदलतात. पूर्वीं वहींतला एक आंकडा चुकला म्हणजे पानेंच्या पानें खोडावीं लागत. तो जाच या युक्तीनें संपला.

आतां प्रत्यक्ष वांटणी पाहूं. कळवण तालुक्यांतील एखाद्या डोंगरउतारावर सलग समतल चर खोदावयाचे आहेत, अशी कल्पना करावी. कामास १२०० मनुष्यदिन लागतील, आरंभ १३ जानेवारीस आणि शेवट १३ मार्चला, असें ठरलें आहे. वर्ष साधें आहे, लीप वर्ष नव्हे. सोयीकरितां आठवड्याची सुट्टी तूर्त बाजूस ठेवूं. दोन्ही टोकें धरून हे बरोबर ६० दिवस होतात. म्हणजे रोज २० माणसें. यांतील जानेवारीचा वांटा किती?

कोष्टकांत प्रत्येक कामाची एक आडवी ओळ आणि प्रत्येक महिन्याचा एक उभा रकाना असतो. ओळ व रकाना जेथें मिळतात त्या घरांत पुढील नियम लिहावयाचा. कामाचा आरंभ आणि महिन्याचा आरंभ यांपैकीं जी तारीख नंतरची, ती घ्यावी. कामाचा शेवट आणि महिन्याचा शेवट यांपैकीं जी आधींची, ती घ्यावी. दुसरींतून पहिली वजा करावी आणि एक मिळवावा. आलेली संख्या म्हणजे त्या महिन्यांत पडणारे कामाचे दिवस. एकूण मनुष्यदिनांना या दिवसांनीं गुणून कामाच्या एकूण दिवसांनीं भागलें म्हणजे महिन्याचा वांटा निघतो. जानेवारीकरितां ३१ मधून १३ वजा जाऊन १८ उरतात, एक मिळवून १९, वांटा ३८०. फेब्रुवारीचे दिवस २८, वांटा ५६०. मार्चचे १३, वांटा २६०. तिन्हींची बेरीज बरोबर १२००.

यांत दोन ठिकाणीं नवशिका चुकतो. पहिलें ठिकाण तो मिळवावयाचा एक. तेरा तारखेस सुरू होऊन तेरालाच संपलेलें काम एक दिवसाचें असतें, शून्य दिवसांचें नसतें. वजाबाकी मात्र शून्य सांगते. दुसरें ठिकाण ज्या महिन्यांत काम नाहींच त्याचें घर. एप्रिलच्या घरांत हाच नियम लिहिला तर उत्तर उणें येतें, आणि उणे मनुष्यदिन बेरजेंत शिरून सगळा हिशेब बिघडवितात. यास्तव शून्य आणि आलेली संख्या यांतील मोठी संख्या घ्यावी, एवढें शेवटीं जोडावें लागतें. आठवड्याची सुट्टी हिशेबांत धरावयाची असेल तर ती महिन्याच्या दिवसांतून आणि एकूण दिवसांतून, अशी दोन्ही ठिकाणांहून वगळावी. एकाच ठिकाणीं वगळली तर बेरीज जुळत नाहीं. शहरांतील कचेऱ्यांत मनुष्यदिनांऐवजीं तास मोजतात. एखाद्या प्रकल्पाचे १२०० तास आठवड्या-आठवड्यांत वांटावयाचे असले तरी नियम हाच. महिन्याच्या जागीं आठवडा आला, इतकाच फरक.

अपूर्णांकांची बाब याहून नाजूक आहे. १००० मनुष्यदिन तीन महिन्यांत सारखे वांटले तर प्रत्येक घरांत ३३३ व एक तृतीयांश येतात. घराघरांत अपूर्णांक टाकून दिला तर तीन वेळां ३३३, म्हणजे ९९९. एक मनुष्यदिन कोठें गेला? कागदावर तो नगण्य आहे, परंतु कोणा एका बाईची ती पूर्ण दिवसाची मजुरी आहे. आणि तालुक्यांत अशीं शेंकडों कामें असतात. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक महिन्याचा वांटा स्वतंत्रपणें पूर्णांकांत न आणतां, त्या महिन्याअखेरची चढती बेरीज पूर्णांकांत आणावी आणि तींतून मागील महिन्याची चढती बेरीज वजा करावी. चढत्या बेरजा ३३३, ६६७, १००० अशा येतात. वांटे ३३३, ३३४, ३३३ असे पडतात. कोणाचाही दिवस हरवत नाहीं.

येथवर गणित निर्दोष आहे. आणि निर्दोष दिसणाऱ्या गणिताकडे माणूस पुन्हां पाहात नाहीं. या नियमांत एक गृहीत धरलेली गोष्ट मुकाट्यानें बसली आहे : प्रत्येक दिवस दुसऱ्या दिवसासारखाच आहे. तेरा जानेवारी आणि तेरा मार्च या दोन्ही दिवशीं कामावर येणारे हात सारखे, जमीन सारखी, ऊन सारखें, घरची गरज सारखी. कारखान्याच्या छपराखालीं हें पुष्कळसें खरें असेल. कळवण तालुक्यांत तें खरें नाहीं.

हा आदिवासी तालुका सह्याद्रीच्या कुशींत वसला आहे. गिरणा नदी पश्चिमेच्या डोंगरांत उगम पावून पूर्वेकडे वाहते. तिच्यावर ब्रिटिश अमदानींत बांधलेलें चणकापूरचें धरण याच तालुक्यांत आहे, आणि पुनद नदीवरील धरणही येथलेंच. ज्या गांवांना नदीचें, पाटाचें किंवा विहिरीचें पाणी पोंचतें, तेथें उन्हाळ कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारींत ऐन भरांत असते आणि काढणी मार्चअखेरपासून पुढें चालते. त्या दिवसांत रोपें लावणारे हात मिळत नाहींत म्हणून शेतकरी गांवोगांव हिंडतो. परंतु त्याच तालुक्यांत, पश्चिमेस दळवटच्या अंगानें चढत गेलें म्हणजे डोंगरउतारावरील कोरडवाहू शेतें लागतात. तेथें भात व नागली पावसाच्या पाण्यावर पिकते आणि कापणी झाल्यावर शेतांत काम उरत नाहीं. दिवाळी सरली कीं या बाजूचीं पुष्कळ कुटुंबें दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांची वाट धरतात. तीं होळीला घरीं येतात; त्यांपैकीं कांहीं सणानंतर पुन्हां बागांकडे वळतात.

आतां वरील १२०० मनुष्यदिनांचें कोष्टक या दोन्ही गांवांस लावून पाहावें. बागाईत गांवांत जानेवारीचे ३८० मनुष्यदिन कांद्याच्या लागवडीशीं झुंजतात. एक तर चराचें काम ओस पडतें, नाहीं तर लागवड लांबते. कोरडवाहू गांवांत याहून वाईट घडतें. काम जानेवारींत उघडतें, परंतु करणारे हात नोव्हेंबरांतच बागेवर गेलेले असतात. हजेरीपट रिकामा राहातो. मग तालुक्याच्या कचेरींत बसून कोष्टक वाचणारा म्हणतो, "या गांवांत कामाला मागणीच नाहीं." असें वाचून पुढील वर्षीं त्या गांवचा आंकडा कमी धरला गेला, तर ज्या गांवाला कामाची निकड सर्वांत अधिक, त्याच गांवाच्या नांवापुढें सर्वांत लहान संख्या येऊन बसते. आणि हजेरीपट एकटा रिकामा होत नाहीं. कुटुंब गेलें कीं पाटीदप्तर घेतलेलें मूलही जातें, अथवा म्हाताऱ्या आजीपाशीं राहातें. शाळेचा पट आणि कामाचा पट, दोन्ही एकाच आठवड्यांत विरळ होतात.

यावर उपाय गणित टाकून देणें हा नव्हे. गृहीत धरलेली गोष्ट उघड लिहून ठेवणें हा आहे. कोष्टकाच्या माथ्यावर, महिन्यांच्या नांवांखालीं, एक जास्तीची ओळ घालावी. तिला भाराची ओळ म्हणूं. ज्या महिन्यांत गांवचे हात पूर्ण मोकळे, त्या महिन्याचा भार एक. जेथें निम्मे मोकळे, तेथें अर्धा. जेथें मुळींच मोकळे नाहींत, तेथें शून्य. मग नुसत्या दिवसांऐवजीं दिवस गुणिले भार, हें माप धरून वांटणी करावी.

बागाईत गांवाकरितां जानेवारीचा भार अर्धा, फेब्रुवारीचा एक आणि मार्चचा अर्धा धरला, तर भारयुक्त दिवस साडेनऊ, अठ्ठावीस आणि साडेसहा, मिळून ४४ होतात. १२०० मनुष्यदिनांची वांटणी चढत्या बेरजेच्या रीतीनें २५९, ७६४ आणि १७७ अशी पडते. बेरीज पुन्हां बरोबर १२००. काम तेंच, मुदत तीच. परंतु लागवडीच्या दिवसांतले १२१ मनुष्यदिन मोकळे झाले.

येथें दुसरी तपासणी करावी लागते. फेब्रुवारीचे ७६४ मनुष्यदिन २८ दिवसांत उरकण्यास रोज २७ हून अधिक माणसें हवींत. गांवांत काम मागणारीं माणसें २५ च असतील, तर त्या महिन्यांत ७०० हून अधिक मनुष्यदिन बसत नाहींत. ६४ शिल्लक राहातात. तेव्हां कामाचा आरंभ अलीकडे ओढावा किंवा शेवट पुढें न्यावा. एकाच गांवांत चर, शेततळें आणि रस्ता अशीं तीन कामें चालू असतील तर प्रत्येक महिन्याच्या रकान्याची उभी बेरीज घेऊन ती गांवच्या हातांशीं ताडून पाहावी. आडवी बेरीज काम पुरें होईल कीं नाहीं हें सांगते. उभी बेरीज तें माणसांना झेपेल कीं नाहीं हें सांगते. पहिली सर्वजण करतात, दुसरी पुष्कळदां राहून जाते.

कोरडवाहू गांवाची भाराची ओळ अगदीं निराळी निघेल. तेथें कापणी संपतांच भार पूर्ण एक होतो, आणि कुटुंबें निघून गेल्यावर तो घसरतो. पण ती घसरण निसर्गनियम नव्हे. गांवांत काम नव्हतें म्हणून ती झालेली आहे. काम जर नोव्हेंबरांत, गांठोडीं बांधली जाण्यापूर्वीं, उघडलें आणि मजुरी वेळेवर हातीं पडली, तर जानेवारींतही पुष्कळ हात गांवांतच राहातील. म्हणून या गांवाच्या ओळींत गतवर्षींचा हजेरीपट पाहून भार लिहूं नये. हजेरीपट कोण आलें तें सांगतो. कोण यावयास तयार होतें, तें सांगत नाहीं.

आणखी एक भेद लक्षांत घेतला पाहिजे. नदीकांठची काळी माती आणि डोंगरावरचा मुरूम यांत सारख्याच लांबीच्या चराला सारखे मनुष्यदिन लागत नाहींत. मातीकामाची मजुरी मोजमापावर ठरते, म्हणून कठीण जमिनीचे मनुष्यदिन कमी धरले तर मजूर दिवसभर राबूनही पुरा रोज पदरांत पाडूं शकत नाहीं. एप्रिल-मे महिन्यांत ऊन चढण्यापूर्वीं काम आटोपावें लागतें. तेव्हां एका दिवसाचें खोदकामही घटतें. सूत्र या गोष्टी जाणत नाहीं. त्याला त्या सांगाव्या लागतात.

सांगावयाच्या कोणीं? या प्रश्नाचें उत्तर याच मुलखांत पूर्वींपासून आहे. गिरणा, मोसम, पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांत फड पद्धतीचें ओलित पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें. नदीवर बंधारा, बंधाऱ्यापासून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. कोणत्या फडांत कोणतें पीक घ्यावयाचें हें बागाईतदार मिळून ठरवीत, पाणी पाटकरी देई, आणि पाटाची वार्षिक साफसफाई लाभधारक आपसांत श्रम वांटून करीत. त्यांच्याजवळ संगणक नव्हता; परंतु कोणाचा दिवस केव्हां मोकळा आहे हें एकमेकांना ठाऊक होतें, आणि ठरविणारे व राबणारे एकच होते. आजच्या कोष्टकांत गणिताचें सामर्थ्य शतपट वाढलें. ठरविणारा आणि राबणारा यांतील अंतरही तितकेंच वाढलें. भाराची ओळ जर ग्रामसभेंत, स्त्रिया उपस्थित असतांना, मोठ्यानें वाचून भरली गेली, तर हें अंतर पुष्कळ कमी होईल. बारा महिन्यांचे बारा आंकडे. एका सभेंत भरून होण्यासारखें हें काम आहे.

या बारा आंकड्यांचें महत्त्व आतां अधिक वाढलें आहे. २०२५ च्या डिसेंबरांत संसदेनें संमत केलेल्या नव्या कायद्यानें १०० ऐवजीं १२५ दिवसांची हमी मांडली. त्याचबरोबर पेरणी व कापणीच्या ऐन हंगामांत, वर्षांतून एकूण ६० दिवसांपर्यंत हीं कामें थांबविण्याची तरतूदही केली. शेतकऱ्यास मजूर मिळावे, हा त्यामागील हेतु उघड आहे. परंतु हे साठ दिवस कोणते? कांदा लावणाऱ्या गांवास जानेवारी सोयीचा वाटेल. डोंगरांतल्या गांवास त्याच जानेवारींत काम थांबणें म्हणजे बागेची वाट मोकळी करून देणें होय. प्रदेशपरत्वें निरनिराळ्या मुदती ठरविण्यास कायद्यांत वाव आहे. तो वाव उपयोगांत आणावयाचा तर प्रत्येक गांवची भाराची ओळ आधीं लिहिलेली असली पाहिजे. नाहीं तर एका जिल्ह्याला एकच तारीख, हाच सर्वांत सोपा मार्ग ठरेल.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत आज बहुतेकांना स्प्रेडशीट येते. घरचा खर्च, कर्जाचे हप्ते, कचेरींतील प्रकल्प, सर्व तींत मांडले जातें. तेंच ज्ञान सुट्टींत आपल्या मूळ गांवीं नेण्यास फारसे श्रम पडत नाहींत. ग्रामपंचायतीच्या संगणकावर एक कोष्टक मांडून देणें, त्यांत मिळवावयाचा एक विसरलेला नाहीं हें पाहणें, चढती बेरीज लावून देणें, हें एका दुपारचें काम आहे. मात्र माथ्यावरची ओळ आपण भरूं नये. ती गांवानें सांगावी आणि आपण लिहून घ्यावी. फाल्गुनांत शहरांतल्या ताटांत येणारीं द्राक्षें ज्या हातांनीं खुडलीं, ते हात घर सोडून कां आले, याचें उत्तर पुष्कळदां कोणत्या तरी कोष्टकाच्या नोव्हेंबरच्या रिकाम्या घरांत सांपडेल. तें घर भरणें अवघड नाहीं. त्याकरितां नोव्हेंबर उजाडण्यापूर्वीं गांवांत जाऊन विचारलें मात्र पाहिजे.